चुन्याचं बोट

भागवत पाण्याच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचा. जवळा बाजारात एस.टी. थांब्याच्या मागं पत्र्याचं दुकान, दारात विहिरीतून काढून आणलेल्या मोटारींचा ढीग, आणि बोटांना कायम वार्निशचा वास. हे झालं पोटाचं काम. मनाचं काम दुसरं होतं. तांब्याच्या तारेच्या बंडलांमागं फडक्यात गुंडाळून त्यानं एक जुना कॅमेरा ठेवलेला होता, आणि अकरा वर्षं झाली, सवड मिळाली की तो रंगीत जिवांच्या मागं रानोमाळ हिंडायचा. रुईवरचा निळा-पिवळा टोळ, हळदीच्या पानावर चकाकणारा हिरवा किडा, पाण्याकाठचा लाल चतुर, कशाचंही त्याला वेड. सख्ख्या मेव्हणीच्या लग्नात नवा सदरा घालून हा गडी मांडवामागच्या उकिरड्यावर पालथा पडला होता, कारण तिथं एक किडा बसला होता. बायको शिला ती गोष्ट अजून सांगते, आणि हसत सांगत नाही.

पण या वेडाला त्यानं शिस्त घातली होती. जिवाला हात लावायचा नाही, आणि त्याचा ठावठिकाणा कुणाला सांगायचा नाही. लोक विचारायचे, खोदून खोदून विचारायचे. भागवत म्हणायचा, रानात. कोणत्या रानात म्हटलं की म्हणायचा, गावाबाहेरच्या. या शिस्तीचा त्याला अभिमान होता, आणि जरा जास्तच होता.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी तो दुकानाच्या पायरीवर चहा पीत मोबाईल बघत होता. जिल्ह्यातल्या फोटोवाल्यांचा एक ग्रुप होता. त्यात विजयकुमारनं नऊ फोटो टाकले होते. विजयकुमार म्हणजे हिंगोलीतला फरश्यांचा व्यापारी. दोन वर्षांपूर्वी त्याला पक्ष्यांचा नाद लागला, आणि आता त्याच्याकडं भागवतच्या टेबलावर मावणार नाही एवढी मोठी लेन्स होती. बाहेरगावचे हौशी लोक तो आपल्या गाडीतून फिरवायचा, पाखरं दाखवायचा.

नऊच्या नऊ फोटोंत वेडा राघू होता. बाभळीच्या काटकीवर बसलेला, अंग पोपटी, डोकं सोन्याचं पाणी दिल्यासारखं, गळा निळा, आणि चोचीत लालभडक चतुर. मागं पिवळसर मातीची भिंत. कालच्या सकाळचे फोटो, असं खाली लिहिलेलं. लोकांनी अंगठे, फुलं आणि हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पाडला होता. खोटं कशाला बोला, पहिला फोटो पाहून भागवतच्याही तोंडून वा निघाली.

मग त्यानं बाकीचे फोटो निवांत पाहिले. चतुराचा एक पंख टोकाशी फाटलेला होता. दुसऱ्या फोटोतल्या चतुराचाही तोच पंख फाटलेला. पाचव्यातही, नवव्यातही. म्हणजे पाखरू तेच आणि चतुरही तोच. भागवतनं चहा खाली ठेवला. पहिल्या फोटोत काटकीची सावली मागच्या भिंतीवर वर पडली होती, शेवटच्या फोटोत ती चांगली दोन विती खाली उतरली होती. सूर्य एवढा वर चढायला तास तरी लागला असेल. पिल्लांचा घास चोचीत धरून राघू कधी तासभर बसत नाही. तो येतो, क्षणभर टेकतो, आणि बिळात शिरतो. हा का शिरत नव्हता?

उत्तर सातव्या फोटोच्या कोपऱ्यात होतं, धूसर. भिंतीवर एक पांढरा ठिपका. बोटानं ओढलेला, चुन्याचा. त्या ठिपक्याच्या शेजारी काळं बीळ असायला पाहिजे होतं. तिथं ओल्या मातीचा डाग होता.

भागवतच्या डोक्यात तिडीक गेली. ती भिंत त्याची ओळखीची होती, तो ठिपकाही ओळखीचा होता. त्यानं दुकान तसंच उघडं टाकलं, खुंटीवरची बॅग सवयीनं खांद्याला अडकवली आणि गाडीला किक मारली.

औंढ्याच्या डोंगराकडं जाताना एक तांडा लागतो. तांड्याच्या खालच्या अंगाला मातीची खाण आहे. पिढ्यानपिढ्या तांड्यातल्या बाया भिंती सारवायला तिथली चिकण पिवळी माती नेत आल्या. त्या खाणीची उगवतीकडं तोंड असलेली उभी भिंत बिळांनी भरलेली. दर उन्हाळ्यात तीस-चाळीस राघू तिथं घरं करायचे. तांड्याचा एक जुना रिवाज होता. होळी झाली की त्या भिंतीला टिकाव लावायचा नाही, पाऊस पडेपर्यंत माती दुसरीकडून उकरायची. हा रिवाज राखायची जिवनबाई. साठी उलटलेली, अंगावर अजून आरशांची बंजारा चोळी, म्हणजे कांचोळी, कमरेला तंबाखूची पिशवी आणि चुन्याची डबी. सगळा तांडा तिला याडी म्हणायचा, म्हणजे आई. भागवतही याडीच म्हणायचा. तिनंच पहिल्यांदा त्याला तिथं बसू दिलं होतं, आणि कुणाला ही जागा सांगणार नाही असा शब्द त्याच्याकडून घेतला होता.

तीन वर्षांपूर्वी तांड्यात घरकुलं आली. जोत्यात भरायला माती पाहिजे होती आणि सोयीची माती नेमकी त्या भिंतीची होती. माणसं कुरकुरायला लागली, की पाखरांसाठी आख्खी बाजू काहून अडवायची. तेव्हा भागवतनं तोडगा काढला होता. तो याडीच्या शेजारी दोन दिवस बसला आणि तिला दाखवलं, की ज्या बिळात राघू घास घेऊन शिरतो आणि रिकाम्या चोचीनं बाहेर येतो, त्या बिळात पिल्लं आहेत. बाकीची बिळं जुनी, रिकामी. मग भरलेल्या बिळांनाच खूण करायची, तेवढी सोडून माती न्यायची. याडीनं चुन्याच्या डबीत बोट बुडवलं आणि एकेका बिळाशेजारी ओढलं. माणसांनी ते मानलं. तेव्हापासून दरसाल ती तशाच खुणा करायची. भागवतला वाटलं होतं, आपण मोठं शहाणपणाचं काम केलं.

बारा किलोमीटर त्यानं कसे कापले ते त्याचं त्याला ठाऊक. खाणीच्या तोंडाशी पांढरी गाडी उभी होती. आत हिरव्या कापडाची राहुटी, राहुटीतून बाहेर आलेली लेन्स. विजयकुमार टोपी घालून बाजेवर बसला होता, आणि ती बाज याडीची होती. त्याच्यासोबत बाहेरगावचा एक पाहुणा होता, कॅमेऱ्याला डोळा लावून.

भागवत कुणाशी बोलला नाही. सरळ भिंतीकडं गेला. फोटोतलं बीळ आता उघडं होतं, पण त्याच्या शेजारची तीन बिळं बुजलेली होती. चुन्याचं बोट जसंच्या तसं, आणि शेजारी मातीचा गोळा थापलेला. गोळ्यावर अंगठ्याचे ठसे उमटले होते, आणि माती वाळून भेगाळली होती. म्हणजे आजची नव्हे, कालची.

त्यानं खिशातला टेस्टर काढला आणि कडेकडेनं माती सैल करून पहिला गोळा ओढला. आतून बारीक किरकिर ऐकू आली. दुसरा ओढला, तिथंही आवाज आला, पण अगदी क्षीण. तिसरा गोळा काढून त्यानं बिळाला कान लावला. आत काहीच हललं नाही. त्यानं श्वास रोखून पुन्हा कान लावला. मग तो उठला आणि विजयकुमारकडं वळला.

"काहून बुजवले?" त्यानं विचारलं.

विजयकुमार बाजेवरून उठला. माणूस तसा हसतमुख. भागवतराव, तुमी आधी पाणी प्या, असं म्हणाला. मग त्यानं समजावून सांगितलं, एखाद्या गिऱ्हाईकाला फरशीचा प्रकार समजावावा तसं. बीळ उघडं असलं की पाखरू आलं तसं आत घुसतं, मग फोटो काय शेपटीचा काढायचा? बुजवलं की ते समोर काटकीवर बसतं, घास धरून. शेजारचीही बुजवली की ती पाखरंही त्याच काटकीवर येतात. तासाभराचं काम. मधलं बीळ काल त्यानं आठवणीनं उघडलं होतं. बाकीची राहून गेली, पाहुण्यांना उन्हाचा त्रास व्हायला लागला म्हणून घाईत निघावं लागलं.

"राहून गेलं," भागवत म्हणाला.

"आता काढलं ना तुमी. मिटलं की. राघूच हाय हो ते, वाघ न्हाई."

भागवतनं ती बाभळीची काटकी जमिनीतून उपटली आणि मोडली. मग मोडलेले तुकडे पुन्हा मोडले. काटे तळहातात शिरले तरी तो मोडत राहिला आणि तोंडाला येईल ते बोलत राहिला. आईबापाचा उद्धार झाला, फरशीच्या दुकानाचा झाला, त्या मोठ्या लेन्सचा झाला. एक दिवस आणि एक रात्र कोंडून मारलं तुमी, असं तो ओरडला. तुमच्या लेकरांच्या दाराला असा चिखल थापला तर चालेल का, असंही. वनखात्यात अर्ज देतो म्हणाला. विजयकुमार म्हणाला, द्या की, चिखलाबद्दल अर्ज कोण घेतो बघू. भागवतचा आवाज एवढा चढला, की तांड्यातली कुत्री भुंकायला लागली आणि याडी हातातलं काम टाकून खाली आली.

ती आल्यावर विजयकुमारनं तिला नमस्कार केला. मावशीबाईनंच कालपासून बाज दिली, पाणी दिलं, असं तो भागवतला म्हणाला. याडी भागवतकडं बघत राहिली.

"तुहं नाव सांगितलं त्यायनी," ती म्हणाली. "भागवतचे दोस्त हाव म्हणले."

भागवतनं विजयकुमारला विचारलं, ही जागा कुणी सांगितली. विजयकुमारला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. मागच्या महिन्यात भागवतनंच ग्रुपवर एक राघूचा फोटो टाकला होता. ठिकाण लिहिलं नव्हतं, पण भिंतीवर चुन्याचं बोट दिसत होतं. विजयकुमारनं तो फोटो जवळा बाजारच्या आठवडी बाजारात दोघा-तिघांना दाखवला, पाखरांच्या बिळांना चुना लावणारा तांडा कोणता म्हणून विचारलं. भाजी घ्यायला आलेल्या एका बाईनं अभिमानानं सांगितलं, आमचा.

"आन् खरं सांगू का भागवतराव," तो पुढं म्हणाला, "तुमच्या त्या खुणांनी लय सोय झाली. एवढ्या बिळांत पिल्लं कोणत्या बिळात हायेत ते हुडकायला दोन दिवस उन्हात बसावं लागलं असतं. इथं सगळं लिहूनच ठेवलेलं."

तो टोमणा नव्हता, तो माणूस मनापासून आभार मानत होता. त्यामुळंच ते भागवतला जास्त लागलं. इतका वेळ ज्याच्यावर ओरडायचं तो समोर होता. आता कुणावर ओरडावं ते त्याला कळेना.

तेवढ्यात राघू आला. तिसऱ्या बिळाचा. चोचीत लाल चतुर होता. काटकी नव्हती म्हणून तो हवेतच दोनदा थरथरला, आणि बीळ उघडं दिसल्याबरोबर आत शिरला. राघू आत बराच वेळ राहिला. मग तो बाहेर आला, आणि चतुर त्याच्या चोचीत तसाच होता. बिळाच्या तोंडाशी तो थांबला, इकडंतिकडं मान वळवली, आणि घास घेऊन पुन्हा आत गेला. पुन्हा बाहेर आला. चतुर तसाच.

राहुटीतून कॅमेऱ्याची खटखट सुरू झाली. पाहुणा हळू आवाजात म्हणाला, "क्या बात है."

भागवत संतापानं राहुटीकडं धावणारच होता. पण याडी त्याच्या हाताकडं बघत होती. त्यानंही खाली पाहिलं. त्याचा स्वतःचा उजवा हात खांद्यावरच्या बॅगेत गेलेला होता आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर होता. तो तिथं कधी गेला हे त्याला कळलंच नव्हतं.

"तुलाबी पायजे व्हय?" याडीनं विचारलं.

पुरावा म्हणून, असं तो म्हणणार होता. ते खरंही असतं, अर्धंमुर्धं. पण उजेड चांगला आहे हेही त्याच्या मनात येऊन गेलं होतं, आणि ते तिला ठाऊक होतं असं त्याला वाटलं. त्यानं हात बाहेर काढला. स्वतःच्या त्या हाताची त्याला इतकी किळस आली, की तो त्यानं विजारीला पुसला.

याडी चालत गेली आणि भिंत आणि लेन्स यांच्या मधोमध मांडी घालून बसली. विजयकुमारनं दोन-तीनदा मावशी, मावशी केलं. ती हलली नाही. पाहुण्यानं राहुटीतून डोकं बाहेर काढलं, तिच्या कांचोळीवरचे आरसे उन्हात चमकताना पाहिले, आणि विचारलं, "अम्मा का एक ले लूँ?" भागवतनं पुढं होऊन त्या लेन्सवर आपला तळहात दाबून धरला, काटे घुसलेला, रक्ताचा आणि वार्निशचा. पाहुणा हात काढा म्हणाला, महागाची काच आहे म्हणाला. भागवतनं हात काढला नाही. ते राहुटी गुंडाळून गाडीत बसले तेव्हा विजयकुमार म्हणाला, की असल्या वागण्यानं ग्रुपमध्ये तुमचंच नाव खराब होईल. गाडी गेली. तिची धूळ बराच वेळ खाणीत तरंगत राहिली.

भागवत याडीच्या शेजारी बसला. याडी भिंतीकडंच बघत होती.

"माही सासू म्हणायची, होळीपास्नं ह्या अंगाला हात लावायचा न्हाई. आख्ख्या अंगाला," ती म्हणाली. "कोण्या बिळात काय हाय ते कुणालाच ठाव नसायचं. आमी कदी इचारलंच न्हाई. तू इचारलं."

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, भागवतला उलट बोलता आलं असतं. घरकुलाची माती, माणसांची कुरकुर, सगळं खरं होतं आणि सगळं त्याच्या ओठांवर आलं. तरी तिनं जे सांगितलं ते त्यातल्या कशानं खोटं पडत नव्हतं. माणसं कुरकुरत होती तेव्हा आख्ख्या भिंतीसाठी भांडायच्या ऐवजी त्यानं हुशारी केली होती. आणि भिंत अडवून धरणारी ही बाई त्याच्या हुशारीवर विश्वास ठेवून डबीत बोट बुडवत राहिली होती.

"पुसून टाक," ती म्हणाली.

चुना मातीत मुरला होता, तो पुसून निघेना, आणि खरवडायला गेलं तर बिळाच्या कडा ढासळायची भीती. मग याडीनं घरून घमेलं आणलं, त्याच खाणीची माती त्यात कालवली. भागवत एकेका ठिपक्यावर बोटानं ती पातळ माती लावत गेला. बरोब्बर अकरा खुणा होत्या. राघू डोक्यावर ओरडत होते, विजेच्या तारेवर बसून त्याची वाट बघत होते, की हा माणूस कधी जातो. तो घाई करत होता आणि घाईत चुकू नये म्हणून दात आवळत होता. तळहातातले काटे मातीनं चुरचुरत होते. त्याला विजयकुमारचा राग येत होता, अजूनही भयंकर येत होता. पण प्रत्येक ठिपक्याला तो राग जरा कमी पुरत होता, कारण त्यातला मोठा वाटा स्वतःकडं वळवावा लागत होता.

माती उन्हानं भराभर वाळली. याडीनं रिकामं घमेलं उचललं. ती म्हणाली, तांड्याच्या नायकाला ती आजच सांगणार होती, की भिंत पुन्हा आख्खी बंद. माती न्यायची तर पलीकडून न्या, लांब पडली तर पडू द्या. मग ती भागवतकडं वळली.

"आन् तूबी येऊ नको आता."

"कॅमेरा न्हाई आणणार, याडी."

"तरीबी नको."

अकरा वर्षांत तिनं त्याला नको असं कधी म्हटलं नव्हतं. भागवतनं मान हलवली. त्यानं हात धुवायला पाणी मागितलं नाही, तिनंही दिलं नाही. बॅग उचलून तो खाणीच्या तोंडापर्यंत चढून आला आणि तिथं एकदा वळला.

राघू भिंतीवर परतत होते. हिरवी अंगं उन्हात चमकत होती, चोचींत माशा होत्या, चतुर होते. कोण कुठं शिरतंय ते इतक्या लांबून दिसत नव्हतं. भिंत वरपासून खालपर्यंत एकसारखी पिवळी होती. त्यातलं मेलेल्या पिल्लांचं बीळ कोणतं, हे आता त्यालाही सांगता आलं नसतं.